काचबिंदूची पारख

समाजाच्या भवनात भरलेल्या नेत्रतपासणी शिबिरातून एका कापडपेढीचे शेठजी बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या हाती चष्म्याचा नवा नंबर आणि ‘दाब १६, नॉर्मल’ अशी नोंद असलेली चिठ्ठी होती. वय ५७, प्रकृती ठणठणीत, डोळ्यांची तक्रार अशी काहीच नव्हती. रात्री दुकान वाढवताना अर्धवट खाली ओढलेल्या शटरला दोन-तीन वेळा कपाळ आपटले होते, पण ते घाईवर घालून घरातील सगळे हसले होते. चिठ्ठी त्यांनी पाकिटात जपून ठेवली आणि डोळ्यांचा विषय मनावेगळा केला. दोन वर्षांनी पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेले असता सहज म्हणून त्यांनी स्वतःचेही डोळे दाखवले. डॉक्टरांनी भिंगातून दोन्ही डोळे बराच वेळ न्याहाळले, पुन्हा एकदा न्याहाळले आणि विचारले, “शेठजी, तुमच्या घरात कोणाला काचबिंदू होता का?” शेठजींनी उत्तरादाखल पाकिटातील चिठ्ठी पुढे केली.

गाव, पेढी आणि आडनाव यांना येथे महत्त्व नाही; अशी चिठ्ठी बाळगणारे गृहस्थ कोणत्याही बाजारपेठेत सापडतील. चिठ्ठीवरील आकडा खोटा नव्हता आणि शिबिरातील कार्यकर्त्यांनी हलगर्जीही केली नव्हती. मोतीबिंदू शोधण्यासाठी भरलेल्या शिबिराने मोतीबिंदू शोधला. काचबिंदू मात्र एका आकड्याने सापडणारा विकार नव्हे, आणि एका आकड्याने नाकारता येणाराही नव्हे. तो ओळखण्यासाठी डॉक्टर चार-पाच निरनिराळ्या वाटांनी डोळ्यात शिरतात आणि त्या सर्व साक्षी एकमेकींशी जुळतात की नाही, हे पाहतात.

दोन्ही नावांत ‘बिंदू’ असल्यामुळे घरोघरी या दोहोंचा घोटाळा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूत झिजते ती दृष्टीची नस, म्हणजे डॉक्टर जिला ऑप्टिक नर्व्ह म्हणतात ती. डोळ्याच्या मागील पडद्यावर उमटलेले चित्र मेंदूपर्यंत पोहोचवणारे सुमारे दहा ते बारा लाख बारीक तंतू तिच्यात एकत्र आलेले असतात. त्यांतील जो तंतू एकदा मेला, तो कोणत्याही औषधाने, लेसरने वा शस्त्रक्रियेने पुन्हा उगवत नाही. उपचाराने राहिलेले तंतू टिकवता येतात, इतकेच. म्हणून या विकारात निदान किती लवकर झाले यावर पुढील सारे अवलंबून असते.

आणि हा विकार, निदान त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, स्वतःहून काही सांगत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, अक्षर अंधूक दिसत नाही. दृष्टी जाते ती कडेकडेने. तेथे काळा डाग दिसतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तीही खरी नाही. याची प्रचिती गादीवर बसल्याबसल्या घेता येते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर उडदाचे दोन काळे दाणे सुमारे ८ सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने डावीकडील दाण्यावर नजर स्थिर करावी आणि तोंड हळूहळू कागदाजवळ न्यावे. कागद वीतभराहून थोडा अधिक दूर असताना उजवीकडील दाणा नाहीसा होतो. त्या जागी काळा ठिपका दिसत नाही, पांढरा कागदच दिसतो. दृष्टीची नस जेथून डोळ्याबाहेर पडते, त्या जागी पाहणाऱ्या पेशीच नसतात. सतराव्या शतकात मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा अंध बिंदू दाखवून दिला. मेंदू ती रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. काचबिंदूने पाडलेली भगदाडेही तो अशीच बुजवतो. शेठजींच्या नजरेतून शटरची कड गळून गेली होती आणि तिच्या जागी त्यांना रस्ता दिसत होता.

भारतात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतात घरोघर जाऊन झालेल्या सर्वेक्षणांत ज्यांना हा विकार आढळला, त्यांच्यापैकी दहातील नऊ जणांना तो आपल्याला आहे याची वार्ताही नव्हती.

आता तो चिठ्ठीवरील दाब. डोळ्याच्या पुढील भागात एक स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो आणि काळ्या बुबुळाच्या कडेला असलेल्या कोनातील सूक्ष्म जाळीतून वाहून जात असतो. जाळी तुंबली की डोळ्यातील दाब वाढतो आणि त्याचा ताण मागील नसेच्या मुखावर पडतो. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात; १० ते २१ ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. आज नेत्रविभागांत प्रमाण मानले जाणारे उपकरण स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात सिद्ध केले. डोळा औषधाच्या थेंबाने बधिर करून एका लहान शंकूचे सपाट टोक बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, हलकेच टेकवतात आणि ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट होण्यास किती जोर लागतो, ते पाहतात. शिबिरांतील हवेच्या झोताचे यंत्र याच तत्त्वाचे, पण डोळ्याला स्पर्श न करणारे. शंभर लोकांच्या रांगेसाठी ते सोयीचे आहे यात शंका नाही. मात्र झोताच्या भीतीने डोळा घट्ट मिटला, श्वास रोखला किंवा सदऱ्याची कॉलर गळ्याशी आवळलेली असली, तरी आकडा वर सरकतो. म्हणून एकाच मोजणीवर न थांबता तीन घेतात.

मोजणी अचूक असली, तरी तिचा अर्थ लावणे बाकी राहते. गोल्डमन यांनी हिशेबासाठी कॉर्नियाची जाडी साधारण ५२० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक, गृहीत धरली होती. ही जाडी माणसागणिक बदलते. नागपूरजवळील ग्रामीण भागात ३० वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी झालेल्या मध्य भारत नेत्र व आरोग्य अभ्यासात ती सरासरी ५१४ मायक्रॉनच्या आसपास आढळली. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना पातळ आणि जाड पडद्यांचे पुष्कळ लोक असतातच. पातळ पडदा सहज सपाट होतो आणि यंत्र दाब खऱ्याहून कमी दाखवते. जाड पडद्यावर याच्या उलट घडते. शेठजींच्या कॉर्नियाची जाडी पॅकीमीटर नावाच्या लहानशा उपकरणाने मोजली, ती ४७८ भरली. पुन्हा मोजलेला दाब १७ निघाला. त्या पातळ पडद्याच्या मानाने तो दिसतो तितका निर्धास्त नव्हता. जाडीवरून नेमकी किती वजावट-मिळवणी करावी याची सूत्रे निघाली आहेत, परंतु चांगले डॉक्टर त्यांवर फारसे विसंबत नाहीत. पडदा पातळ आहे म्हणजे जोखीम अधिक, एवढे ध्यानी धरून ते पुढे जातात.

दाबाच्या आकड्याची उणीव दोन्ही बाजूंनी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात काचबिंदू असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांचा दाब पहिल्या मोजणीत सर्वसाधारण मर्यादेतच होता. चेन्नई परिसरातील सर्वेक्षणात तर हे प्रमाण त्याहूनही अधिक निघाले. उलटपक्षी, दाब जास्त असूनही नस निरोगी असलेल्या १,६३६ व्यक्तींवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्यावर आला हे खरे. पण थेंब न घेताही शंभरातील नव्वद जणांना त्या पाच वर्षांत काहीच झाले नाही, हेही तितकेच खरे. कॉर्निया पातळ असलेल्यांना धोका अधिक, ही गोष्ट याच अभ्यासातून ठळकपणे पुढे आली. मोठ्या दाबाच्या एका आकड्याने घाबरून जाणे आणि लहान आकड्याने निश्चिंत होणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच उतावीळपणाच्या.

शेठजींचा काचबिंदू प्रथम सापडला तो यंत्रात नव्हे, डॉक्टरांच्या नजरेत. १८५१ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्स यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतील पडदा पाहण्याचे साधन प्रसिद्ध केले, तोपर्यंत नसेचे मुख कोणी पाहिलेच नव्हते. ते एखाद्या लहान, गुलाबी-केशरी तबकडीसारखे दिसते. मध्ये फिकट खळगा आणि भोवती तंतूंची काठ. तंतू मरू लागले की काठ झिजते आणि खळगा रुंदावतो. तबकडीच्या मानाने खळगा किती, ते डॉक्टर ०.३, ०.५, ०.८ असे लिहितात. येथेही निव्वळ आकडा पुरेसा नाही, कारण काहींची तबकडी जन्मतःच मोठी असते आणि तिच्यातील खळगाही निरोगी असून मोठा दिसतो. दोन डोळ्यांतील फरक, खालच्या बाजूची काठ वरच्याहून पातळ झाली आहे का, कडेला रक्ताची बारीक रेघ आहे का, या खुणा अधिक बोलक्या. शेठजींच्या उजव्या डोळ्यात ०.६ आणि डाव्यात ०.८ असा फरक होता, आणि डाव्यातील खालची काठ जवळजवळ संपली होती. नीट पाहण्यासाठी बाहुली थेंबांनी मोठी करावी लागते. त्यानंतर तीन-चार तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो. ‘आज पेढीवर काम आहे, थेंब नकोत’ असे म्हणून निघून जाणारा रुग्ण तपासणीतील मोठा हिस्सा मागे सोडून जातो.

थेंब घालण्यापूर्वी मात्र एक पायरी असते आणि घाईच्या तपासणीत नेमकी तीच गाळली जाते. द्रव जेथून वाहून जातो तो कोन उघडा आहे की अरुंद, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी आरसे बसवलेले भिंग बधिर डोळ्यावर टेकवून पाहतात. या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. आशियाई लोकांत, विशेषतः स्त्रियांत, अरुंद कोनाचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा डोळ्यात अंधारात किंवा थेंबांनी बाहुली मोठी झाली, तर कोन एकाएकी बंद होऊन दाब फार वर जाऊ शकतो. असह्य डोकेदुखी, उलट्या, लाल डोळा, दिव्याभोवती रंगीत वलये अशी लक्षणे दिसतात. घरात याला पित्त समजून लिंबू-सरबत दिले जाते आणि काही तासांत कायमचे नुकसान होते. असा त्रास झाल्यास रात्र असली तरी नेत्ररुग्णालय गाठावे. कोन अरुंद असल्याचे आधी कळले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लेसरने बुबुळात सूक्ष्म वाट करून हा प्रसंग बहुधा टाळता येतो. शेठजींचा कोन उघडा होता.

मग आली दृष्टिक्षेत्राची तपासणी. रुग्णालयात तिला ‘फील्ड टेस्ट’ म्हणतात आणि रुग्णांना ती सर्वांत नकोशी वाटते. अर्धगोल भांड्यासारख्या पांढऱ्या पडद्यासमोर हनुवटी टेकवून बसायचे, एक डोळा झाकायचा, दुसरा मध्यावरील दिव्यावर खिळवायचा आणि आजूबाजूला कोठेही प्रकाशाचा ठिपका लुकलुकला की हातातील बटण दाबायचे. नेहमीच्या चाचणीत ५४ ठिकाणे असतात. प्रत्येक ठिकाणी डोळ्याला दिसणारा सर्वांत मंद ठिपका कोणता, हे यंत्र ठिपका मंद-प्रखर करत शोधते. म्हणजेच दाखवलेल्या ठिपक्यांपैकी बरेचसे निरोगी माणसालाही न दिसण्याइतके मंद असतात. ही गोष्ट आधी कोणी समजावून सांगत नाही, आणि रुग्णाला आपण नापास होत आहोत असे वाटू लागते.

शेठजींचेही तेच झाले. एकही ठिपका हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी नजर चोहीकडे फिरवली. काही वेळा ठिपका नसतानाही अंदाजाने बटण दाबले. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या हालचालीवर चहूबाजूंनी लक्ष ठेवणाऱ्या माणसाला एका बिंदूकडे पाहत बसणे अवघड गेले, यात नवल नाही. यंत्र मात्र नजर हलल्याची, खोट्या दाबाची आणि चुकलेल्या दाबाची स्वतंत्र नोंद ठेवते. कागद पाहून तंत्रज्ञ म्हणाले, “काका, ही चाचणी धरता येणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा करू. ठिपके शोधायचे नाहीत. मधल्या दिव्याकडे बघत राहायचे, दिसले तरच दाबायचे.” पहिली चाचणी अशी वाया जाणे नेहमीचेच असते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस हात बसतो. दुसऱ्या वेळी त्यांची किंचित ओघळलेली पापणी चिकटपट्टीने वर उचलून धरली, कारण पापणी आड आली तरी कागदावर वरचा भाग काळा येतो. तरीही डाव्या डोळ्याच्या चित्रात, नाकाच्या बाजूने निघून मध्याला वरून वळसा घालणारी काळी कमान उमटली. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते. म्हणून नसेची खालची काठ झिजली की नजरेचा वरचा भाग जातो. डॉक्टरांनी भिंगातून जे पाहिले होते, त्याची साक्ष कमानीने दिली. शटरचेही कोडे तेथेच उलगडले.

या चाचणीची मर्यादा अशी की, ती उशिरा बोलते. कमान उमटेपर्यंत त्या भागातील तंतूंचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेलेला असू शकतो. त्याआधीचे नुकसान पकडण्याची आशा आज ज्या यंत्राकडून धरली जाते, ते म्हणजे ओसीटी. अमेरिकेतील एमआयटीत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्याची पहिली माहिती प्रसिद्ध केली. त्या तिघांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. सोनोग्राफीत ध्वनीचा प्रतिध्वनी वापरतात, येथे प्रकाशाचा. डोळ्याला न दिसणारा, लाल रंगापलीकडील किरण आत सोडून प्रत्येक थरातून तो किती अंतरावरून परतला हे मोजले जाते आणि पडद्याचा उभा छेद डोळ्याला न शिवता काही सेकंदांत चित्रित होतो. नसेच्या मुखाभोवती तंतूंचा थर निरोगी डोळ्यात सरासरी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. यंत्र पाच-सात मायक्रॉनचे तपशील वेगळे दाखवू शकते.

ओसीटीच्या छापील कागदावर हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग असतात, आणि घरी आल्यावर सर्वांत मोठा गोंधळ होतो तो या रंगांमुळे. वाहतुकीच्या दिव्याप्रमाणे हिरवा म्हणजे सुरक्षित आणि लाल म्हणजे रोग, असा अर्थ लावला जातो. यंत्राचे म्हणणे एवढेच असते की, आपल्यापाशी नोंदवलेल्या त्याच वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करता हा थर सर्वसाधारण आहे, की शंभरातील सर्वांत पातळ पाचांत बसतो, की सर्वांत पातळ एकात. ज्याचा थर मुळात ११० होता आणि २० झिजून ९० वर आला, त्याचा कागद हिरवाच राहतो. मोठ्या भांडवलाच्या पेढीला खोट येऊनही शेजारच्या पेढ्यांच्या मानाने तिची शिल्लक बरी दिसावी, तसेच हे आहे. उलट, ज्यांचा उणे नंबर मोठा आहे, त्यांचा डोळा लांबट असल्याने थराची ठेवण वेगळी असते. त्यांच्या कागदावर रोग नसतानाही लाल रंग येतो. नेत्रवैद्य आपसांत याला ‘हिरवा रोग’ आणि ‘लाल रोग’ म्हणतात. डोळा कोरडा असला, मोतीबिंदू असला किंवा रुग्ण हलला, तरी चित्र फिके येऊन थर खोटा पातळ दिसतो. म्हणून डॉक्टर प्रथम कागदाच्या कोपऱ्यातील चित्राच्या दर्जाचा आकडा पाहतात, मग रंग.

शेठजींच्या डाव्या डोळ्याचा खालचा भाग ओसीटीवर लाल होता, नसेच्या मुखाची तीच काठ झिजलेली होती आणि नजरेतील त्याच्या समोरचीच कमान गेलेली होती. तीन साक्षी एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. तेव्हाच डॉक्टरांनी ‘काचबिंदू’ हा शब्द उच्चारला.

निदानाच्या दिवशीचे हे सर्व कागद म्हणजे आरंभीची शिल्लक. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने होणाऱ्या प्रत्येक तपासणीचा अर्थ त्या पहिल्या नोंदीशी ताळा करूनच लागतो. विकार पुढे सरकत आहे का आणि किती वेगाने, हे ठरवण्यासाठी पहिल्या दोन वर्षांत दृष्टिक्षेत्राच्या सहा चाचण्या व्हाव्यात, असे तज्ज्ञ सुचवतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या ओसीटी यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर तपासणी करावी. तीस वर्षांपूर्वीच्या खतावण्या कपाटात जपणाऱ्या घरांत डोळ्यांची फाइल मात्र दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते, ही गोष्ट डॉक्टरांना वारंवार पाहावी लागते.

तपासणी खरी ठरण्यासाठी रुग्णाने सांगण्याच्याही काही गोष्टी आहेत. डोळे खाजतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल, तर काहींचा दाब त्यानेच वाढतो; महिनोन् महिने घातल्यास नस जाते. दम्याचा पंप, त्वचेची मलमे, गुडघ्यातील इंजेक्शने यांचाही उल्लेख करावा. वर्षभर थेंब विसरून तपासणीपूर्वीचे चार दिवस ते नेमाने घातले, तर दाब सुरेख येतो आणि डॉक्टरांची फसगत होते. पर्युषण वा दशलक्षण पर्वात कडक उपवास करणारे काही जण थेंबही बंद ठेवतात, कारण डोळ्यातील औषधाचा अंश नाकाकडील नळीवाटे घशात उतरतो. पर्वाच्या आधीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. थेंबानंतर डोळ्याचा आतील कोपरा दोन मिनिटे दाबून धरल्यास औषध घशात फारसे जात नाही, आणि काही रुग्णांत लेसरने थेंबांची गरजच कमी करता येते. दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पाणी पाच मिनिटांत पोटात गेले, तर डोळ्याचा दाब काही काळ वाढतो. ही गोष्ट डॉक्टर चाचणी म्हणूनही वापरतात. चौविहार पाळणाऱ्या काचबिंदूच्या रुग्णांनी सूर्यास्ताच्या तोंडावर घटाघटा पाणी पिण्यापेक्षा दुपारपासून थोडे थोडे घ्यावे.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न घरातील काचबिंदूविषयी होता, तो उगाच नव्हता. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना या विकाराचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. शेठजींनी परतताच धाकट्या बंधूंना पाठवले. त्यांचा चष्मा उणे सातचा. ओसीटीवर दोन्ही डोळ्यांत लाल रंग आला आणि ते पार खचले. परंतु दृष्टिक्षेत्र दोनदा स्वच्छ निघाले, नसेची काठ शाबूत होती. औषध काहीच दिले नाही. वर्षाने पुन्हा यावे, एवढेच सांगितले. दोन्ही भावांच्या मुलांचीही पाळी झाली.

बहिणीची आठवण कोणालाच झाली नाही. ती ६३ वर्षांची, दोन जिल्ह्यांपलीकडे दिलेली; घराण्याच्या यादीत तिचे नाव सासरकडे गेलेले. शेठजींच्या दुसऱ्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले, “भावंडे किती?” शेठजी म्हणाले, “आम्ही दोघे भाऊ.” सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी मध्येच बोलल्या, “अहो, आणि ताई?” मंदिराच्या पायऱ्या उतरताना ताईंचा पाय चुकतो, हे घरात सर्वांना ठाऊक होते, मोतीबिंदू पिकला की काढू, असे त्यांच्या सासरी ठरले होते. पुढच्या आठवड्यात भावजय स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. ताईंचा दाब १९ निघाला. डाव्या डोळ्याच्या दृष्टिक्षेत्राचा कागद मध्यावरील लहानसा ठिपका आणि कानाकडील एक पट्टा सोडल्यास संपूर्ण काळा होता. उजव्या डोळ्यात खालची कमान गेली होती, वरचा अर्धा भाग आणि मध्य शिल्लक होता. त्याच संध्याकाळी थेंब सुरू झाले. दीड महिन्यानंतरची तारीख फाइलवर लिहून घेताना भावजयीने शेठजींची फाइलही मागून घेतली आणि दोन्ही आपल्या पिशवीत ठेवल्या.